अठरा ठिपके, एक तारा: वेब दुर्बिणीच्या आरशाची जुळवणी

११ फेब्रुवारी २०२२ रोजी नासाने जेम्स वेब दुर्बिणीतून आलेलं पहिलं छायाचित्र जाहीर केलं, तेव्हा ते पाहून कुणाचाही विरस झाला असता. काळ्या पार्श्वभूमीवर अठरा ठिपके, कसेही सांडलेले. काही लांबुळके, काही फिसकटलेले, एकही धड नाही. सुमारे दहा अब्ज डॉलर आणि दोन दशकांहून जास्त वर्षं खर्चून हे?

गंमत अशी की त्या चित्रात तारा एकच होता. एचडी ८४४०६ नावाचा, सप्तर्षीच्या तारकासमूहातला, आपल्यापासून सुमारे २६० प्रकाशवर्षांवरचा. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणं कठीण, पण वेबसाठी भरपूर तेजस्वी आणि आजूबाजूला गर्दी नसलेला, म्हणून निवडलेला. दुर्बिणीचा मुख्य आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा आहे आणि प्रत्येक तुकडा त्या दिवशी आपल्याच तंद्रीत वेगळीकडे बघत होता. त्यामुळे ताऱ्याच्या अठरा प्रतिमा. ज्यांनी दुर्बीण बांधली त्यांना हे चित्र अपेक्षितच होतं. उलट अठराही ठिपके सापडले म्हणून ते सुटकेचा श्वास टाकत होते.

त्यानंतर महिनाभरात, ११ मार्चला, अठरा तुकडे एकाच आरशासारखे वागू लागले. हे कसं साधलं आणि मुळात अशी वेळ का ओढवून घेतली, याची ही हकीकत.

वजनाचा हिशेब

सुरुवात वजनापासून करायला हवी, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच निघाल्या. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, काचेचा, ८२८ किलो वजनाचा. प्रकाश गोळा करणारं त्याचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे १८० किलोंच्या वर. त्याच दराने वेबचा २५ चौरस मीटरचा आरसा केला असता तर नुसत्या आरशाचंच वजन साडेचार टनांवर गेलं असतं, आणि अख्ख्या दुर्बिणीचं वजन सहा टनांच्या आसपास ठेवायचं होतं. शिवाय ६.५ मीटरचा अखंड आरसा एरियन-५ रॉकेटच्या टोपणात मावणारच नव्हता. म्हणून तुकडे, म्हणून घड्या, आणि म्हणून बेरिलियम.

बेरिलियम हा विचित्र धातू आहे. ॲल्युमिनियमपेक्षा हलका, पोलादापेक्षा ताठ, आणि त्याची भुकटी श्वासावाटे गेली तर विषारी. पण त्याचा खरा गुण थंडीत कळतो. वेबचा आरसा उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली काम करतो, आणि त्या तापमानाला बेरिलियमचं आकुंचन-प्रसरण जवळजवळ थांबतं. काच आणि बेरिलियम यांचे नमुने शेजारी शेजारी तपासून २००३ मध्ये बेरिलियमची निवड झाली ती याच कारणाने.

प्रत्येक तुकड्यासाठी सुमारे २५० किलोंचा ठोकळा घेतला आणि मागून कोरत कोरत २१ किलोंवर आणला. ९२ टक्के माल काढून टाकला. मागे उरली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बरगड्यांची जाळी आणि पुढे जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा पत्रा. आधार, मोटारी, सगळं धरून एका तुकड्याचं वजन सुमारे ४० किलो. चौरस मीटरमागे आता २८ किलो. हबलच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकं. वर सोन्याचा मुलामा, अवरक्त प्रकाश सोन्यावरून उत्तम परावर्तित होतो म्हणून. सगळ्या आरशांचं मिळून सोनं सुमारे ४८ ग्रॅम. जुन्या हिशेबाने चार तोळे.

पण हलकं म्हणजे लवचीक. जड आरसा आपला आकार स्वतःच्या बळावर धरून ठेवतो. अडीच मिलिमीटरचा पत्रा धरत नाही. पृथ्वीवर तो स्वतःच्या वजनाने झुकतो, थंड केला की वळतो, रॉकेटमध्ये थरथरतो. आणि इथे चुकीची मुभा किती? लाल-अवरक्त प्रकाशाच्या तरंगाचा छोटासा अंश, म्हणजे काही दशक नॅनोमीटर. माणसाचा केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.

हबलची आठवण

या मंडळींच्या मानगुटीवर हबलचं भूत बसलेलं होतं, हे विसरून चालत नाही. एप्रिल १९९० मध्ये हबल वर गेली आणि दोन महिन्यांत कळलं की तिचा आरसा अतिशय अचूकपणे चुकीच्या आकाराचा घासला आहे. कडेला फक्त २.२ मायक्रॉन जास्त सपाट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेलं होतं आणि बाकीच्या तपासण्यांनी दिलेला इशारा कुणी मनावर घेतला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन छोट्या सुधारक आरशांची जणू चष्म्याची जोडी बसवली.

वेबला ही सोय नव्हती. ती पंधरा लाख किलोमीटरवर, चंद्राच्या चौपट अंतरावर. तिथे माणूस पाठवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी हबलच्या फजितीतून एक फार कामाची गोष्ट हाती लागली होती. आरसा नेमका किती चुकलाय हे शोधायला तेव्हा काही गटांनी हबलच्याच धूसर चित्रांचा आधार घेतला: ताऱ्याची प्रतिमा अशी अशी पसरली आहे, तर आरशात कसली चूक असली पाहिजे? उलट्या दिशेने गणित. वेबची सगळी जुळवणी पुढे याच विद्येवर उभी राहिली. या प्रकरणातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच: आरशाची चूक मोजणारं वेगळं यंत्र दुर्बिणीवर नाहीच. दुर्बिणीचा कॅमेराच तिचा परीक्षक.

उबेत मुद्दाम चुकवलेला आरसा

अंतराळात दुरुस्ती करायची तर आधी जमिनीवर काय काय दुरुस्त करून पाठवायचं, हे ठरवावं लागतं. प्रत्येक तुकड्याला फक्त काही ठिकाणीच ढकलता-ओढता येणार होतं. तुकड्याच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे वर गेल्यावर काढता येणार नव्हते. ते घासूनच काढायचे, आणि तेही थंडीतले.

इथे मेख आहे. घासणं खोलीच्या तापमानाला करायचं, वापर उणे २३०-२४० अंशांच्या घरात. खोलीत बिनचूक असलेला आरसा थंड झाला की आपला आकार बदलतो. मग कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये घासलेले तुकडे अलाबामातल्या हंट्सव्हिलला, नासाच्या मार्शल केंद्रातल्या थंड निर्वात कक्षात नेले. तिथे गारठवून पृष्ठभागाचा नकाशा काढला: इथे इतके नॅनोमीटर वर, तिथे इतके खाली. मग परत रिचमंडला नेऊन त्या नकाशाच्या बरोबर उलटा आकार खोलीच्या तापमानाला घासला. म्हणजे आरसा कारागिराच्या हातात असताना मुद्दाम चुकीचा, जेणेकरून गारठल्यावर वळून बरोबर यावा. पापड लाटताना तो तळल्यावर किती फुलेल याचा अंदाज घेतात, त्यातला प्रकार. फक्त इथे अंदाज चालत नाही. त्यातून गुरुत्वाकर्षणामुळे आलेला झोलही गणिताने वजा करायचा, कारण वर तो नसणार. २०११ मध्ये सगळे तुकडे घासून झाले, तेव्हा एकेका तुकड्याच्या पृष्ठभागाची सरासरी चूक २० नॅनोमीटरच्या आसपास आली होती.

या टप्प्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. अठरा ठिपक्यांची गोष्ट चित्रातून सांगता येते, ही सांगता येत नाही. पण माझ्या मते निम्मी दुरुस्ती रिचमंड आणि हंट्सव्हिलच्या या हेलपाट्यांतच झाली होती. हबलच्या वेळी जे चुकलं ते इथे, घासणाऱ्याच्या टेबलावर.

सात मोटारी

उरलेल्या चुकांसाठी प्रत्येक तुकड्याच्या पाठीला सात ॲक्च्युएटर, म्हणजे तुकडा ढकलणारे-ओढणारे मोटारीचे दांडे. सहांचा मिळून एक षट्पाद: त्याने तुकडा वर-खाली, डावी-उजवीकडे, मागे-पुढे सरकतो, कलतो आणि स्वतःभोवती फिरतो. सातवा तुकड्याच्या मध्यभागी जोडलेला. तो ओढला की तुकड्याचा खोलगटपणा कमी-जास्त होतो. अठरा साती एकशे सव्वीस. दुय्यम आरशाचे सहा धरून एकूण १३२.

कोलोरॅडोतल्या बॉल एरोस्पेसने बनवलेल्या या ॲक्च्युएटरमध्ये एकच मोटार दोन कामं करते: लांबचा पल्ला, मिलिमीटरांचा, आणि बारीक पाऊल, सुमारे १० नॅनोमीटरचं. एकाच मोटारीतून हे दोन्ही साधणं म्हणजे त्याच हाताने ओंडका फोडायचा आणि सुईत दोराही ओवायचा. तेही अशा गारठ्यात, जिथे कुठलंही तेल गोठून दगड होतं.

उड्डाणाच्या वेळी तुकडे कुलपात घट्ट बसवलेले होते. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना तिथून साडेबारा मिलिमीटर पुढे आणायला सुमारे दहा दिवस लागले, म्हणजे दिवसाला साधारण एक मिलिमीटर. एका वेळी एकच मोटार चालवायची, कारण मोटारीची ऊबसुद्धा तिथे उपद्रवी. गवत याहून वेगाने वाढतं, असं हे काम करणारी मंडळीच हसत हसत सांगायची.

ठिपका कुणाचा?

मग फेब्रुवारी. तारा नेमका कुठे दिसेल हे माहीत नव्हतं, म्हणून दुर्बीण त्याच्या अपेक्षित जागेभोवती १५६ ठिकाणी वळवली. मुख्य कॅमेरा निअरकॅम. त्याच्या दहा संवेदकांनी मिळून १,५६० चित्रं काढली. जवळजवळ पंचवीस तासांचं काम, पौर्णिमेच्या चंद्राएवढा आकाशाचा तुकडा. खरं तर पहिल्या सहा तासांतच अठराही ठिपके सापडले होते.

पण कुठला ठिपका कुठल्या तुकड्याचा? यावरचा उपाय घरातल्या विजेच्या बोर्डावरच्या बटणांसारखाच आहे. एक दाबून बघायचं, कुठला दिवा लागतो ते. एकेक तुकडा किंचित कलवला, जो ठिपका हलला तो त्याचा. ओळख पटल्यावर ठिपके आरशावरच्या तुकड्यांच्याच मांडणीत, षटकोनी रांगोळीसारखे रचले, म्हणजे कोण कुठे याचा पुढे गोंधळ नको.

त्यानंतर दुय्यम आरसा थोडा सरकवून मुद्दाम फोकस बिघडवला. हे उलटं वाटतं, पण यात सगळं गमक आहे. फोकसमध्ये असलेला ठिपका चारदोन पिक्सेलांत आटलेला असतो. दोन वेगवेगळ्या चुका हुबेहूब एकसारखा ठिपका देऊ शकतात. फोकस बिघडवला की तोच प्रकाश पसरतो आणि आरशाचा आकार, त्यातला कल, त्यातली वळणं त्या पसरलेल्या डागात उमटतात. ते वाचून संगणक सांगतो की तरंगाग्र, म्हणजे प्रकाशाच्या लाटेचा पुढचा पृष्ठभाग, कुठे पुढे आहे आणि कुठे रेंगाळला आहे. त्याप्रमाणे प्रत्येक तुकडा सुधारला. मग सहा-सहा तुकड्यांचे ठिपके एकावर एक आणत सगळे एका जागी रचले. २५ फेब्रुवारीला आकाशात एकच तारा दिसत होता.

इथे बऱ्याच बातम्या थांबल्या आणि वाचकांना वाटलं, झालं. काहीच झालं नव्हतं. अठरा प्रतिमा एका जागी आल्या म्हणजे उजेड वाढला. रेखीवपणा मात्र अजून १.३ मीटरच्या एका तुकड्याएवढाच. ६.५ मीटरच्या आरशाचा रेखीवपणा हवा असेल तर अठराही तुकड्यांवरून परतलेल्या लाटा एकाच तालात पोचल्या पाहिजेत. एखादा तुकडा शेजाऱ्यापेक्षा अर्धा मायक्रॉन मागे असला, तरी त्याची लाट दुप्पट, म्हणजे एक मायक्रॉन उशिरा येते. जाताना एकदा आणि येताना एकदा.

तास दाखवणारा काटा

तुकड्यांमधल्या या पुढे-मागेपणाची चूक मोजण्यात एक फसवणूक दडलेली आहे. एकाच रंगाच्या प्रकाशात पाहिलं, तर तुकडा पूर्ण एक तरंग मागे असला काय, दोन असला काय, चित्र तेच दिसतं. घड्याळात फक्त मिनिटकाटा असावा तसं: वीस मिनिटं झालीत हे कळतं, पण कितीवर वीस ते कळत नाही.

तासकाट्याचं काम पंचरंगी प्रकाश करतो. निअरकॅममध्ये यासाठी प्रिझमसारखे घटक बसवलेले आहेत. ते शेजारच्या दोन तुकड्यांवरचा प्रकाश एकत्र आणून त्याचा वर्णपट फाकवतात. दोन्ही तुकडे समपातळीत असतील तर त्या वर्णपटात सरळ पट्टे दिसतात. एक मागे असेल तर पट्टे तिरके होतात, आणि किती तिरके यावरून किती मागे ते निघतं. प्रत्येक रंगाचा तरंग वेगळ्या लांबीचा, म्हणजे वेगवेगळ्या गतीचे अनेक काटे एकाच घड्याळात. सगळे मिळून वेळ चुकवू देत नाहीत. अशा वीस जोड्या मोजून तुकड्यांमधली मोठी तफावत मायक्रॉनच्या आत आणली.

शेवटचा टप्पा पुन्हा फोकस बिघडवण्याचा. या वेळी कॅमेऱ्यातल्या खास भिंगांनी फोकसच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंची चित्रं घेतली. एकाच बाजूने पाहिलं तर खड्डा आणि उंचवटा यांत फरक करणं अवघड जातं. दोन्ही बाजूंनी पाहिलं की खरंखोटं कळतं. मोज, हलव, पुन्हा मोज. ११ मार्चला हे संपलं, आणि १६ मार्चला जाहीर झालेल्या चित्रात एक तारा आपल्या टोकदार किरणांसह झळकत होता. मागच्या काळोखात असंख्य दीर्घिका होत्या, ज्यांच्याकडे कुणी मुद्दाम बघितलंही नव्हतं. मग उरलेल्या उपकरणांच्या दृष्टिक्षेत्रांत जुळवणी तपासली आणि २८ एप्रिलला काम पुरं झाल्याचं जाहीर झालं. अपेक्षा होती की २ मायक्रॉन लांबीच्या तरंगांपर्यंत दुर्बीण आरशाच्या आकाराला शक्य तितकी रेखीव असावी. प्रत्यक्षात ती १.१ मायक्रॉनपर्यंत तशी निघाली.

सेकंदाला दोनदा, की पंधरवड्यातून एकदा

तुकड्यांचा आरसा ही कल्पना वेबची नाही. हवाईतल्या केक दुर्बिणींचे आरसे ३६ तुकड्यांचे आहेत, पण तिथे गुरुत्वाकर्षण आणि वारा सतत छळतो. म्हणून तुकड्यांच्या कडांना संवेदक लावले आहेत आणि आरसा सेकंदाला दोनदा सावरला जातो. आता होऊ घातलेल्या तीस मीटर दुर्बिणीत तर ४९२ तुकडे असतील. पुण्याची आयुका आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था त्या प्रकल्पात आहेत, आणि कडांचे संवेदक व ॲक्च्युएटर पुरवणं हे भारताच्या वाट्याचं काम आहे.

वेबच्या कडांना एकही संवेदक नाही. तिथे वारा नाही, वजन नाही, तापमान जवळजवळ स्थिर. त्यामुळे एकदा बसवलेला आरसा बराच काळ तसाच राहतो, या भरवशावर सगळी रचना आहे. दर दोन दिवसांनी एका ताऱ्याची फोकस बिघडवलेली चित्रं घेऊन तपासणी होते. चूक ठरलेल्या मर्यादेपुढे गेली तरच मोटारी हलवतात, आणि ती वेळ बहुधा दोन आठवड्यांच्या आधी येत नाही. अधूनमधून एखादा तुकडा अचानक किंचित कलतो. मागच्या कार्बन-तंतूंच्या सांगाड्यात साठलेला ताण कुठेतरी सुटतो, तेव्हा असं होतं. नवं लाकडी कपाट रात्री कुरकुरतं तसंच हे. सुरुवातीला असे प्रसंग जास्त यायचे, नंतर कमी झाले.

सी-३

आणि मग मे २०२२. जुळवणी संपून महिनाही झाला नव्हता, विज्ञानाची पहिली चित्रं जाहीर व्हायची होती, आणि सी-३ नावाच्या तुकड्यावर वाळूच्या कणाएवढा एक अशनी-कण आदळला. असे कण आदळणार हे गृहीतच होतं, आधी चारेक आदळलेही होते. हा मात्र उड्डाणापूर्वीच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. तुकड्याचा आकारच बिघडला.

इथे सात मोटारींची मर्यादा उघडी पडते. तुकडा सरकवता येतो, कलवता येतो, त्याचा खोलगटपणा बदलता येतो, पण त्यावर पडलेला खळगा बुजवता येत नाही. तरीही खळग्यामुळे आलेल्या चुकीचा जो भाग कल किंवा खोलगटपणासारखा दिसतो, तेवढा उलट्या हालचालीने काटता येतो. दोन वेळा जुळवणी करून तो भाग काढला. संपूर्ण दुर्बिणीच्या तरंगाग्राची चूक सुमारे ५९ नॅनोमीटरवर थांबली, आधीच्या उत्तम आकड्यापेक्षा पाच ते दहा नॅनोमीटर जास्त. अठरापैकी एकच तुकडा जायबंदी झाला, म्हणून नुकसान इतक्यावर निभावलं. अखंड आरसा असता तरी खळगा पडलाच असता, पण त्याचा काही भाग असा स्वतंत्रपणे काटायला हाताशी काही नसतं.

मोटारींनी न सुटलेला प्रश्न शेवटी वेळापत्रकाने हलका केला. पावसात स्कूटर चालवताना सगळं पाणी समोरून अंगावर येतं. दुर्बीण आपल्या कक्षेत जिकडे धावते तिकडून येणारे कण तसेच जास्त वेगाने आदळतात. म्हणून निरीक्षणांच्या दुसऱ्या वर्षापासून, २०२३ पासून, धावण्याच्या दिशेला तोंड करून होणारी निरीक्षणं शक्यतो टाळली जातात. तोच तारा काही महिन्यांनी दुर्बीण वळल्यावर पाठीमागच्या बाजूला येतो, तेव्हा बघायचा. ज्यांना दुसरा इलाजच नाही, म्हणजे अचानक उजळणारे तारे किंवा सूर्यमालेतल्या ठरावीक घटना, त्यांच्यापुरतीच सूट.

पुढच्या पिढीच्या दुर्बिणीसाठी नासात आता बोलणी चालू आहेत, दूरच्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह थेट पाहण्यासाठी. ताऱ्याच्या झगझगाटात दहा अब्ज पटींनी अंधूक ग्रह शोधायचा, तर आरसा निरीक्षणभर पिकोमीटरच्या घरात स्थिर राहावा लागेल. नॅनोमीटरचा हजारावा भाग. तिथे पंधरवड्यातून एकदा जुळवून सोडून देणं पुरणार नाही. वेबने काढून टाकलेले कडांचे संवेदक त्या आराखड्यांत परत आले आहेत.